टाकीच्या झाकणातलं भोक

१६ मे
सगळं बदललं ते गेल्या शुक्रवारी दुपारी. मिस्त्री जेवायला गेले होते. प्रणालीची पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याची फांद्या कापायची मशीन, सर्व्हिसिंगला आली होती. तिच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते मी गोंदाने बुजवलं. मशीन ठणठणीत होती. म्हणूनच. ठणठणीत मशीन नेली असती तर पोरगी परत दुकानात आली नसती.

आता मशीन थोडा वेळ चालते, मग टाकीत हवा जात नाही, पेट्रोल ओढत नाही, बंद. झाकण उघडलं की पुन्हा चालू. दुकानात दोन मिनिटं चालवून पाहिली तर काहीच सापडत नाही.

आज आली. मी प्लग पुसला, फिल्टर झटकला. नुसतं नाटक.
"ओ मेकॅनिक, नीट पाहून राहिले ना?"
पाहून राहिलो होतो. मशीनकडे नाही.

२१ मे
प्र. परत आली. चहा घेतला. आमगावात फांद्या छाटायला गेली की बाया कामं सोडून बघत बसतात म्हणे. एक म्हातारी म्हणाली, "माय वं, भाला घेऊन कोठं निघाली?" ते सांगताना इतकी हसली की

बाबांनी या उन्हाळ्यापुरतीच मशीन हातात दिली आहे. एक जरी तक्रार आली तरी खाली ठेवायची, असं ठरलंय. हे तिने सहज सांगितलं. टाचणी माझ्या खिशात होती. भोक मोकळं करायला किती वेळ लागतो? नाही केलं. पुढच्या वेळी करू म्हटलं.

२४ मे
मशीन जाम. रस्सीच ओढली जात नाही. प्र. आणि तिचे बाबा, भोजराज काका, दोघं घेऊन आले. मिस्त्रींनी सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला. पिस्टनवर उभे ओरखडे.

"ऑइल कमी पडलं. पेट्रोलमंदी ऑइल कोण मिसळते?"
काका म्हणाले, "हेच. दुसरं कोण?"
"मी मापानंच टाकतो जी," प्र. म्हणाली. मग पिस्टनकडे पाहत राहिली. "एखाद्या वेळी चुकलं असन."

चुकलं नव्हतं. ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोलच तुटक येत होतं, म्हणून ऑइलही कमी, मशीन तापली, पिस्टन घासला. मला माहीत होतं. पाने पुसून पेटीत ठेवत राहिलो. मिस्त्रींनी झाकणाकडे पाहिलंच नाही. कायले पाहतील?

ते गेल्यावर टाचणीने गोंद कोरून काढला. त्या कामाला हात बरे चालले.

२५ मे
लाकडाचा टालवाला चेनला धार लावायला आला. प्र.ची खोललेली मशीन पाहून म्हणाला, "पोट्टीच्या हाती झाडू द्यावा बाप्पा, मशीन नाई." मी त्याची कॉलर धरली. ओठ फुटला त्याचा. मिस्त्रींनी मला ओढत मागे नेलं.
"काऊन बे, तुही कोण लागते ते? कालेजात सरावर स्टूल उचलला, इथं गिऱ्हाईकावर हात. आता अजून कोठं जाशीन?"
तो नुसता बोलला, केलं तर मीच. ओठ फोडायचा तर आरसा होता की घरी.

२७ मे
प्र.चा फोन. पहिल्यांदाच.
"माझ्यासाठी भांडले म्हणे तुम्ही. घरचं कोणी माझ्या बाजूनं नाही बोललं."

नवीन पिस्टन टाकून मशीन आली की बाबा ती तिच्या मावसभावाला देणार. तिने बाबांपुढे पुन्हा माप करून दाखवलं, ते बघायलाही थांबले नाहीत. "कुठं चुकलं, समजूनच नाही राहिलं मले."
मी म्हटलं, "होते असं."
होते असं! जीभ झडली नाही.
महिनाभर या फोनची वाट पाहिली होती. जेवलो नाही.

२९ मे
मिस्त्रींना गोंदाचं सगळं सांगितलं. पिस्टनवर रिंग चढवत होते. थांबले नाहीत. रिंग बसली, सिलिंडर बसला, बोल्ट आवळले, मग हात पुसले.
"त्या पोरीले तिच्या बापापुढं मी खोटं पाडलं. माह्या तोंडानं."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
"मले सांगून मोकळा नोको होऊ. मशीन घरी घेऊन जाय. उद्या दुपारी मी भोजराजच्या घरी जातो. तू माह्या आधी पोचला तं पाह्य."

३० मे, सकाळ
मशीन गाडीला बांधली. अंगणात चालवून पाहिली, मस्त चालते.
काकांना एकट्याला बाहेर बोलावून सांगावं, असं रात्रभर डोक्यात. पण मग तिला ते आपल्या रीतीने सांगतील, किंवा सांगणारच नाहीत, आणि ती तशीच मापं तपासत बसेल. तिच्यासमोरच बोलायचं. त्यानंतर ती फोन उचलणार नाही. ठीक. ठीक कसलं, पण

"काका, ऑइल बरोबर होतं." इथपर्यंत जमतं. पुढचं वाक्य अजून होत नाही.

आईने विचारलं, "कोठं चालला?"
"मशीन द्यायले."
"मंग तोंड असं काऊन?"
चप्पल घातली. आई आतून ओरडून राहिली, दार लावून जाय, कोंबड्या घरात शिरतात. निघतो. लावतो दार.