अर्धा शब्द मागे

१२ जानेवारी १९८६
आजही तीच ओळ. सकाळपासून शंभर तरी फेरे. टेपरेकॉर्डर बाजेवर. फितीचा तुकडा टोकाला टोक चिकटवून वेटोळं केलेला, समोर खुर्चीच्या दांडीला दोऱ्याचं रिकामं रीळ, त्यावरून वळून परत. ही म्हणाली, "ह्याच्यावर आता धुणं वाळू घालू का?" हसलो. पण धास्ती आहेच. फीत जुनी. तुटली तर दुसरी नाही.

१५ जाने.
हे खूळ आलं कुठून? दादांचं मोटेवरचं गाणं. बैल विहिरीच्या धावेवरून उतरेपर्यंत एक ओळ, मोट रिती झाली की तोडायची, बैल मागे सरत वर आले की पुन्हा तीच. वाटायचं, पुढचं दादांना येत नसेल. मग पालमच्या एका लग्नात तबकडी अडकली, कर्ण्यातून एकच सूर घोळत राहिला. सगळे हसले. कुणीतरी सुई सरकवली. मी मुठीत अक्षता धरून उभा. राहू द्या ना, असं तोंडावर आलं होतं. आणि जन्मभर वर्गात कविता. दहाव्यांदा म्हटली की अर्थ गळून पडतो, उरतं ते…

१६ जाने.
फितीवर माझा जुना चौथीचा वर्ग आहे. साहेब तपासणीला येणार म्हणून कुणाचं तरी यंत्र मागून आणलं होतं. कविता मीच वर्गासाठी रचलेली. 'चालत आली सांज बाई गोदेच्या काठानं.' लेकरं घोळून घोळून म्हणतात. एक आवाज अर्धा शब्द मागे. सगळे पुन्हा 'चालत'वर येतात तेव्हा तो अजून 'काठानं'वर. दुसऱ्या कुठल्याही ओळीचं वेटोळं केलं की सांध्यावर ठेच लागते. इथे नाही. तो एकटा ओळ उचलतो आणि सुरुवातीला आणून ठेवतो.
काशिनाथ. बौद्धवाड्यातला. दाराशी बसायचा. मी बसवलं नव्हतं. उठवून आतही घेतलं नाही.

१९ जाने.
त्या ओळीच्या पुढचा वीतभर तुकडा मी ब्लेडने कापलाय. त्यात मी आहे. "काशा, तू नको म्हणूस. नुसतं ऐक." आवाजात रागसुद्धा नाही. तेच वाईट. तुकडा हिच्या सुयांच्या डबीत.

२३ जाने.
यंत्राचा आतला रबरी पट्टा तुटला. फीत वाचली. गावात कुणी हात लावेना. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "पालमला जावा गुर्जी. काशिनाथ रेडिओवाला. तुमच्याच हाताखालचा की."
माझ्याच हाताखालचा.

२७ जाने.
स्टँडपर्यंत गेलो, परतलो. तिथे विद्यापीठाच्या नामांतरावरून आवाज चढलेले. एकाने विचारलं, "गुर्जी, तुमी कुणीकडचे?" यष्टी आली, गेली. हिला सांगितलं, गर्दी होती. "आज बाजार न्हाई, जत्रा न्हाई. गर्दी कशाची?"

३१ जाने. पालम
गेलो. यंत्र मांडीवर, फीत खिशात. टपरीएवढं दुकान. काशिनाथने लगेच ओळखलं, पाया पडायला वाकला. मी मागे सरलो, का कोण जाणे. पट्टा बसवला. पारखायला त्याने वेटोळं चढवलं. नको म्हणता आलं असतं. कानावरची पेन्सिल काढून उभी धरली, तिच्यावरून फीत फिरवली. चार फेरे झाले.
"ह्यो मीच हाय की!" लेकरासारखा हसला. मग जरा थांबून, "ह्याच्या फुडं तुमी काहीतरी म्हणला होता गुर्जी. ते कुठंय?"
म्हणालो, तेवढी खराब झाली होती.
"बरं."

४ फेब्रु.
आज हिला सगळं सांगितलं. उठली, डबी आणून पुढ्यात आदळली. "माझ्या सुयांत कामून ठिवलाव? ज्याचं त्याला द्या."

९ फेब्रु.
जोडला. वेटोळं लांबलं, खुर्ची चार बोटं मागे घ्यावी लागली. आता ठेच लागते. माझ्याच आवाजावर. काशिनाथला कार्ड टाकलं: पुढचा तुकडा सापडला, ये.

१६ फेब्रु.
दुपारच्या यष्टीने आला. उंबऱ्याशीच टेकला. आत ये म्हणालो.
"ऱ्हाऊ द्या. इथनं बरं ऐकू येतंय."
ही चहा घेऊन आली ती त्याच्याशेजारी खालीच बसली. कळ दाबली. लेकरं, तो, मग मी. नुसतं ऐक. पुन्हा. तिसऱ्या फेऱ्याला बंद करायला हात नेला. म्हणाला, "चालू द्या." आणि हळूच म्हणू लागला. मी फितीतून नको म्हणतोय, तो उंबऱ्यातून म्हणतोय. अजूनही अर्धा शब्द मागे.
मला जे बोलायचं होतं ते राहिलं. जाताना म्हणाला, "फीत नेऊ का? आठ दिसांनी आणून देतो." दिली.

२५ फेब्रु.
नववा दिवस. पुसली असेल? पुसली तर त्याचा हक्क आहे. की यष्टी नसेल? ओळ तोंडात चालूच आहे. माझ्या वाक्याच्या जागी आलो की गप्प होतो, तेवढा वेळ मोजतो, मग पुन्हा चालत आली सांज.
ही झाडताना खुर्ची सरकवायला लागली. म्हणालो, तिथंच असू दे.