त्याची अकरा पावलं

३ मार्च
डॉक्टर काय म्हणाले ते आत्ताच लिहून ठेवते. "तुमच्या नवऱ्याच्या शरीरानं नवीन किडनी परकी समजू नये, म्हणून प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी मुद्दाम दाबलीय. पण त्यांना बसवून ठेवू नका. रोज चालू दे. बेताच्या व्यायामानं जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तात फिरत्या राहतात. दमछाक नको, गर्दी नको. तलाव तर इतक्यात नाहीच."

बावीस वर्षं पोहायला शिकवणारा माणूस. त्याला फक्त 'तलाव नाही' ऐकू आलं. मला फक्त 'गर्दी'.

मी विचारलं, फिरत्या पेशी किडनीवरच धावून गेल्या तर? "चालण्यानं तसं होत नाही हो." हसले. मला नाही हसू आलं.

४ मार्च
कड्या, नळ, त्याचा फोन — सगळं पुसलं. हातांची सालटं निघालीत.

७ मार्च
त्याला म्हटलं, घरातल्या घरात चाल. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलं! पिंजऱ्यातला वाघसुद्धा जास्त चालत असेल." मी हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचे ते मास्तर — ठणठणीत होऊन घरी गेले होते. साधी सर्दी झाली. पंधरा दिवसांत संपलं सगळं. याला अजून सांगितलेलं नाही.

१२ मार्च
पोस्टातून लवकर सुटले. घर रिकामं! फोन टेबलावर. तेवढ्यात जिन्यात पावलं — हा वर येतोय, कपाळावर घाम, तोंडावर मास्क.

"चार दिवस झाले. तू गेलीस की मागच्या रस्त्यानं जातो. कुत्रंसुद्धा नसतं तिथे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मरायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला केला?"

त्यानं बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले. मी शिकवले तसे, वीस आकडे मोजून.

१३ मार्च
अबोला. चूक माझीच. तरी तोंड उघडत नाही.

१५ मार्च
रिपोर्ट चांगले. रक्तदाबही उतरलाय. तो माझ्याकडे बघून "बघितलंस?" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी मलाच विचारलं, "तुमची झोप? चालणं-फिरणं?" मी विषय बदलला. झोप तीन तास. जेवण पोस्टाच्या खिडकीवरच, दोन पावत्यांच्या मध्ये.

१६ मार्च
दिवसभर समोर खोकणारी माणसं. काच आहे, पण पावती द्यायला खाली फट असतेच ना!

१९ मार्च
ताप. एकशे एक. मला!

एवढी पहारेकरीण — आणि दुखणं मीच आत आणलं. दाराआडून ओरडले, "जवळ येऊ नकोस!" नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहते, ती येऊन घेऊन गेली त्याला. जाताना बाहेरून म्हणाला, "पाणी पीत राहा गं." काल रात्री एकाच खोलीत झोपलो होतो. एकच खोली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्यांना जराही कणकण आली तर थांबू नका."

२१ मार्च
फोन वाजला, धावत जाऊन उचलला. गॅसवाला होता.

२३ मार्च
नणंद म्हणाली, सकाळी त्याला दोन शिंका आल्या. दोन.

२९ मार्च
त्याला काही झालं नाही. माझाही ताप जाऊन पाच दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, आता येऊ दे घरी. नणंद गाडीनं सोडते म्हणाली. मीच म्हटलं — नको. चालत येऊ दे.