हिच्यासाठी वेगळी कढई

९ फेब्रुवारी

मामांचं हॉटेल बंद होतंय. त्यांनीच सांगितलं, ताटं उचलता उचलता, जसं काही मीठ संपलंय इतक्या सहज. गुडघे गेले, मुलगा परगावी बोलावतोय, जागेला कुणीतरी मिळालंय. महिनाअखेरपर्यंत चालू ठेवणार.

घराचं कुलूप उघडताना ही म्हणाली, "म्हणजे आता आपलं बाहेरचं जेवण संपलं."

१० फेब्रुवारी

दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवून दिलं. बिचारे "छान दिसतंय" म्हणून निघालेही होते. पायरीवर अडखळले तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मामा आमचे कुणी नव्हेत. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. पण आमच्या संसाराची निम्मी मजा त्यांच्या आठ टेबलांवर झालीय.

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत एका बेकरीत आम्ही सुक्या मेव्याचा केक घेतला. ही दोनच घास खाऊन थांबली. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग श्वासच घेता येईना. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वाचवलं आणि बजावलं: काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते, यातलं काहीही जन्मात तोंडात जाता कामा नये. दोघंही कोवळे, घाबरलेले. ऐकलं.

त्यानंतर प्रत्येक हॉटेलात माझी चौकशी. उत्तरंही ठरलेली. "थोडंसंच आहे हो, कळणारसुद्धा नाही." "वरचे काजू बाजूला काढून देतो." माझी सख्खी आत्या तर म्हणायची, "मनाचे खेळ आहेत सगळे." शेवटी आम्ही बाहेर जाणंच सोडलं. मित्रांच्या पार्टीला मी एकटा जायचो आणि लवकर उठून यायचो. तेही मग बोलावेनासे झाले.

मामांनी हॉटेल नवीनच काढलं होतं. मी खालच्या आवाजात विचारलं, सवयीने, लाजत. ते हात पुसत आम्हाला थेट आत स्वयंपाकघरात घेऊन गेले. "बघून घ्या वहिनी. काय नको तेवढं सांगा." पुढच्या खेपेला भिंतीवर उंच खिळ्याला एक कढई टांगलेली, दांड्याला लाल दोरा. "ही वहिनींची. हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

एकदा नव्या आचाऱ्याने चुकून ती वापरली. मामांनी आतलं सगळं ओतून दिलं आणि आम्हाला त्या दिवशी पाव-लोणी वाढलं. आयुष्यातलं सर्वांत चविष्ट पाव-लोणी.

१७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांना आम्हाला भेटायचंय. हॉटेलात जेवायला बोलावलंय, मोठ्या रस्त्यावरच्या नव्या ठिकाणी. मी म्हटलं घरी बोलावू. लेक म्हणाली, "बाबा, त्यांनी टेबल राखूनसुद्धा ठेवलंय. आणि त्यांना आईचं सांगितलंय मी."

"काय म्हणाले?"

"सासूबाई म्हणाल्या, हल्ली सगळ्यांनाच काहीतरी असतं."

हिला हे सांगितलं नाही. तरी तिला कळलं. माझ्या तोंडावर सगळं छापून येतं म्हणे.

२१ फेब्रुवारी

त्या हॉटेलात दुपारी जाऊन आलो. दुपारची वेळ निवांत असते, कुणी धड बोलतं. मॅनेजर तरुण, गोड बोलणारा. "सर, काळजीच करू नका." काळजी करू नका म्हणणाऱ्याचीच मला जास्त काळजी वाटते. मी विचारलं, भांडी वेगळी वापराल का? तेल वेगळं? सॉस कशाने दाट करता? तो आत जाऊन आला. लोण्यात मैदा भाजून, म्हणाला. काजू नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "स्वयंपाकघरात गेलात?"

"जाऊ दिलं नाही."

ती हसली. "प्रत्येक जण मामा कसा असेल?"

२५ फेब्रुवारी

मामांकडे शेवटचं जेवण. नेहमीचं कोपऱ्यातलं टेबल. इथेच लेकीने शाळेचा अभ्यास केला, इथेच तिचा पहिला दुधाचा दात सूपात पडला आणि मामांनी तो गाळणीने शोधून दिला. आज त्यांनी स्वतः वाढलं, गुडघा धरत. जाताना ही म्हणाली, "मामा, तुमच्यामुळे मला चारचौघांसारखं बसता आलं." मामा आत पाणी आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

२ मार्च

कालचं आज लिहितोय.

जेवण चांगलं चाललं होतं. व्याही मोकळे, बोलघेवडे. विहीणबाई जरा ताठ. वेटर आल्यावर मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, तर हिने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच बोलली. शाळेत विज्ञान शिकवायची त्याच आवाजात. काय चालत नाही, खाल्लं तर काय होतं, स्वयंपाक्याला काय विचारून यायचं. वेटर वहीत लिहीत होता. विहीणबाई मेनूकार्डात बघत म्हणाल्या, "एवढं सगळं सांगायचं म्हणजे जेवायच्या आधीच भूक मरते."

"माझी नाही मरत," ही म्हणाली.

भाजलेला मासा, उकडलेले बटाटे, पांढरा सॉस. हिचा मासा निम्मा संपला होता. तेवढ्यात आतून स्वयंपाकी आला. पांढरी टोपी हातात, चेहरा टोपीहून पांढरा. सकाळपाळीच्या माणसाने सॉसमध्ये काजू वाटून घातला होता. याला नुकतंच कळलं होतं. लपवून ठेवता आलं असतं, पण तो बाहेर आला. ते मी विसरणार नाही.

लेक रडायलाच लागली. हिने शांतपणे पर्समधून कायम जवळ असणारं इंजेक्शन काढून टेबलावर ठेवलं. "अजून काही होत नाहीये. झालं तर मांडीत द्या. चला हॉस्पिटलला."

गाडी विहीणबाईंनी चालवली. व्याह्यांना त्यांनी मागे बसवलं, "तुम्ही सिग्नल बघत बसाल" म्हणून. हॉस्पिटलच्या दारात आत शिरताना त्यांनी हिचा हात धरला, तो खाटेपर्यंत सोडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला वाटायचं हे नखरे असतात. तुमचा चेहरा बघितला आणि कळलं." मी त्यांना पाणी दिलं.

आम्ही वाट बघत बसलो. ओठ, हात, श्वास. नर्स पुन्हा पुन्हा येऊन बघायची. ही माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे.

काही म्हणजे काही झालं नाही.

३ मार्च

डॉक्टर बुचकळ्यात. एवढा काजू पोटात जाऊन साधी खाजसुद्धा नाही? त्यांनी विचारलं, "एकेका सुक्या मेव्याची वेगवेगळी तपासणी कधी केली होती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कधीच नाही. त्या बेकरीच्या गावात एकदा सांगितलं, तेच आम्ही आयुष्यभर धरून चाललो. ॲलर्जीच्या तज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिलीय. तोवर सगळं पूर्वीसारखंच पाळायचं, असं बजावलं.

८ मार्च

रक्त दिलं, हातावर टोचून झालं. उरलेली तपासणी बाईंच्या देखरेखीखाली, त्यांच्याच समोर खाऊन, एका दिवशी एकच मेवा. घरी मुळीच नाही.

ही संध्याकाळी जुने फोटो काढून बसली. लेकीच्या वाढदिवसांचे. सगळे मामांकडचे. एका फोटोत मी चमच्याने हिच्या ताटातलं काहीतरी उकरून बघतोय, आणि ही कॅमेऱ्याकडे बघून डोळे फिरवतेय.

"किती चिवट होतात तुम्ही," म्हणाली.

कौतुक की तक्रार, विचारायचं धाडस झालं नाही.

१४ मार्च

विहीणबाईंचा फोन. हिच्याशी अर्धा तास बोलल्या. लग्नाचं जेवण कुठे, कोण करणार, भांडी कुठली. हिच्याहून जास्त चौकशा त्यांच्याच. ही मध्येच म्हणाली, "अहो ताई, जरा सबुरीने घ्या." आमच्या घरात हे वाक्य आजवर फक्त मला ऐकावं लागायचं.

२९ मार्च

आज शेवटची तपासणी झाली. फक्त अक्रोड. तो कायमचा बंद, इंजेक्शनही कायम जवळ ठेवायचं. काजू, बदाम, पिस्ते तिला कधी बाधतच नव्हते.

दवाखान्याबाहेर आलो. समोर एक लहानसं हॉटेल, भर दुपारची गर्दी. मी सवयीने पुढे झालो, विचारून येतो म्हणून. तिने मला थांबवलं. "तुम्ही व्हा घरी. मला एकदा एकटीने बसून जेवायचंय. अक्रोडाचं तेवढं माझं मी विचारीन."

रस्ता ओलांडून ती आत गेली. मी घरी येऊन हे लिहितोय.