भुवईपाशी घेतलेला काप

माय, चौथीतून मला तूच काढलंस, तेव्हा या अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझी पणती, माझ्या मुलाची पोर, मोताळ्याच्या रस्त्यावर स्कुटीवरून पडली. डाव्या गालाचं हाड मोडून आत बसलं. डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं, तर दोन बोटंही जाईनात. "हाड दबलं ना आजी, जबड्याला अडतं," तो म्हणाला, आणि मला तिथंच तू दिसलीस. गाईनं तुला शिंग मारलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं हळदीचा लेप बांधला. सूज उतरली, गाल खोल राहिला. त्यानंतर तू चुलीपुढे सगळ्यांच्या मागून जेवतेस, भाकरी वरणात कुस्करून, नखाएवढा घास. मी डोक्यावर उभी. "चिमणी हायेस का माय? आटप, मले भांडे घासाचे हायेत." तू वर न बघता म्हणतेस, "तू जाय. मी घासतो."

डॉक्टर म्हणाला, कानाच्या वर केसांतून सळई घालून हाड उचलता येतं, पण इथं तुकडे झालेत, उचललेलं हाड पुन्हा आत दबेल. दोन जागी धातूच्या पट्ट्या लागतील, एक ओठाच्या आतून, दुसरी भुवईच्या टोकाशी काप घेऊन. डाग बारीक, पण राहणार. मुलगा अडला. "तोंडातूनच करा साहेब. लग्नाची पोरगी हाय."

"काऊन? जावई काय भुवया मोजाले येऊन राह्यला?" मी म्हटलं. "तिले इचार. तोंड तिचं हाय."

पोर दातांतूनच बोलली, "डॉक्टर, मले भुट्टा खाता येईन का?"

"दोन्ही ठिकाणी धरलं, तर येईल."

"मंग कापा."

काल ओट्यावर बसून तिनं भुट्टा खाल्ला. असा खाल्ला की दाणे माझ्या पदरात. भुवईपाशी मुंगीच्या पायाएवढी रेघ आहे, ती शोधावी लागते. मी रागावले नाही, याचंच तिला नवल वाटलं. मग विचारते कशी, "आजी, तुह्या मायचा गाल असा काऊन होता? लय हळू जेवे म्हणतात."

हे पत्र घडी करून पत्र्याच्या पेटीत टाकते आहे. तुझा पत्ता कुणाकडे आहे? पण एक सांगून ठेवते. खरं काय ते आता कळूनही पोरीला मी तेच सांगितलं, जे पन्नास वर्षं सांगत आले, "तिचे खायाचे नखरेच लय होते."