कोर्ट उठेपर्यंत

आप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. परवा पेपरात वाचलं, बेफाम गाडी चालवून माणूस मारणाऱ्याला आता जास्त वर्षांची कैद होणार आहे. वाचता वाचता तुमची शिक्षा आठवली. एक दिवस, तोही पुरता नाही.

दुष्काळाचं साल होतं. मला नगरच्या अध्यापिका विद्यालयात सोडायला तुम्ही तुमच्या ट्रकमधून निघाला होता. तिसगाव मागं पडलं आणि एक एस.टी. आपल्याला ओलांडून गेली. एवढंच झालं होतं. पण तुम्ही मिशीत हसलात, "बघ आता गंमत," म्हणालात. कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या आहेत, मी "आप्पा, हळू" म्हणते आहे, आणि तुम्ही एस.टी.च्या उजवीकडून ट्रक दामटता आहात. चाक खडीच्या ढिगावर चढलं. ढिगाशी बसलेली बाई उठलीसुद्धा नव्हती.

तुम्ही जामिनावर सुटून आलात त्या दिवशी आई भाकरी थापत होती. तुम्ही चुलीपुढं बसून मला शिकवलंत, "बाई अचानक उठून आडवी आली, येवढंच म्हनायचं. शिकलेल्या पोरीचं कोर्ट ऐकतं." मी नको म्हणाले. "मंग घाल बापाला जेलात आन् हो मास्तरीण!" आईनं भाकरी उलटली.

कोर्टानं माझं ऐकलं. भरधाव चालवल्याचा गुन्हा शाबीत झाला, मरणाचा दोष मात्र तुमच्यावर आला नाही. किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायचं. तुम्ही बसलात, चक्क पेंगलात. लायसनही गेलं नाही. संध्याकाळी बाहेर येऊन आळस देत म्हणालात, "बसून बसून कंबर धरली." त्या वाक्यासाठी मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. तुमच्या तेराव्याला लोक तुमच्या दिलदारपणाचं सांगत होते, तेव्हाही माझ्या कानात तेच होतं.

त्या दुपारचं एक तुम्हाला माहीत नाही. तुम्ही आत पेंगत होता आणि मी बाहेर लिंबाखाली उभी होते. त्या बाईचा नवरा माझ्याजवळ आला. भांडायला नाही. पटका काढून हातात धरला होता त्यानं. म्हणाला, "ताई, खरंच उठली हुती का वं ती? लई भित्री हुती. गाडीचा आवाज आला की अंग चोरून बसायची. म्हून इचारतो."

कोर्टात तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, स्वतःलाही. हे पत्रही तेच सांगण्यासाठी लिहायला घेतलं होतं. पण लिंबाखाली तुम्ही नव्हता. वकील नव्हता, शपथ नव्हती. त्या माणसाला फक्त खरं काय ते हवं होतं.

मी म्हणाले, "व्हय, उठली हुती."