लेव्हल तीन: बाबांना सांगणे

३ जानेवारी २००८
मुंबईचं वर्कशॉप आटोपून भिवंडीला परत. बाहेरच्या देशांतल्या संस्था म्हणे कॉम्प्युटर गेममधून समाज बदलतात. माणूस पडद्यावर जे धाडस करतो, ते मग घरीही करतो. आमच्या संस्थेचा गेम ठरला: आंतरजातीय लग्न. हीरो आगरी, हिरॉइन बौद्ध.
निशा आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवते. ती बौद्ध, मी आगरी; आमचं प्रेम दोन वर्षांचं आहे. फक्त बाबांना सांगायचं राहिलंय. तिला प्लॅन समजावला. आधी समाज बदलायचा. बाबा समाजातच मोडतात, आपोआप बदलतील.

२१ जानेवारी
लेव्हल एक तयार: कॉलेजात ओळख. लेव्हल दोनही: धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात शेजारी बसणे. निशाने खेळून पाहिलं. लेव्हल तीन कधी, विचारलं. फेब्रुवारीत म्हटलं. गेममधली की घरातली? दोन्ही म्हटलं.

१७ फेब्रुवारी
लोडशेडिंग. अंधारात समाजपरिवर्तन होत नाही.

९ मार्च
गेममधल्या बाबांना मिशा लावल्या, नंतर आणखी वाढवल्या. हातात काठीही दिली. हीरो ओटीपर्यंत जातो आणि माघारी फिरतो. प्रोग्रामची चूक असावी. निशा म्हणाली, प्रोग्राम बरोबर आहे. टोमणा कळला. मोठ्या मनाने सोडून दिला.
घरचे बाबा दापोड्याच्या गोडाऊनचा स्लॅब टाकून खुशीत आले होते. अशा माणसाचा मूड कशाला घालवा?

१४ एप्रिल
जयंतीला निशाच्या घरी. तिच्या आईने, कमळाबाईंनी, खीर वाढली आणि विचारलं, तुमच्या घरचे मागणी घालायला कधी येणार? मी लॅपटॉप उघडून डेमो दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. माणसं फार चांगली आहेत. दुसऱ्यांदा खीर विचारली नाही.

२ मे
अंबाडीच्या शाळेत सुट्टीच्या शिबिरात डेमो यशस्वी. एका मुलीने विचारलं, हीरो एवढा घाबरट का? वास्तववादी आहे, म्हटलं.
परतताना निशाने सांगितलं, कल्याणच्या सुगतचं स्थळ आलंय. रविवारपर्यंत बाबांशी बोल, नाहीतर मी होकार देते.
रविवारी नक्की.

४ मे, रविवार
ओटीवर गेलो. बाबा पेपर वाचत होते. काय रं, म्हणाले. चहा पिणार का, विचारलं. हो म्हणाले. चांगला झाला होता.
संध्याकाळी निशाचा फोन. बाबांच्या मनाची तयारी करतोय, सांगितलं.  ठेवते म्हणाली.

२८ मे
लग्नाची पत्रिका. बाबांच्या नावाने पाठवलीय. चष्मा सापडेना म्हणून बाबांनी माझ्याकडून वाचून घेतली. निशाचं नाव मी दोनदा वाचलं.
बाबा म्हणाले, ही पोरगी तू करशील आसं वाटलंवतं. तुजी आय रोज सांगाची. कवा इचारतंस म्हून मी वाट बगत व्हतो.
चिडला असतात तुम्ही, म्हटलं.
तर. दोन दिस आरडलो असतो, म्हणाले. तिसऱ्या दिशी हलदीचा मांडव घातला असता.
मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

८ जून
लग्नाला बाबा आणि आई जाऊन आले. जेवण चांगलं होतं म्हणतात. मी कामामुळे गेलो नाही.
लेव्हल तीन पूर्ण केली. मिशा कमी केल्या, काठी काढून घेतली. बाबा दोन दिवस ओरडतात. टेस्टिंग नेहमी निशा करायची, आज मीच केलं. हीरो ओटीवर गेला, बोलला, तिसऱ्या दिवशी मांडव उभा राहिला.
हिरॉइनला बोलवायचं बटण शोधलं. ते मी कधी बनवलंच नव्हतं.