उघाडी

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा

बाबा परत गेले! मी कुकर लावायला वळले तेवढ्यात कडी काढून पसार. एरवी गुडघे धरून बसणारा, ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि मला मात्र हातोहात फसवतो.

सापडले नेहमीच्याच जागी — खाडीकडच्या रस्त्याला लागून ती गुलाबी इमारत आहे ना, तिच्या पार्किंगमध्ये. वॉचमन आता मला ओळखतो. सांगत होता, चाचा पाठच्या भिंतीला कान लावून उभे राहतात आणि मग दोन्ही हातांनी रस्सी खेचल्यासारखं करतात. रस्सीबिस्सी काही नसते. मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र रडू आलं.

धनेशला कळवलं, ती चूकच झाली. धाकटा भाऊ माझा, पण बोलतो साहेबासारखा. शीळफाट्याच्या पुढे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय म्हणे. "ताई, उद्या गाडीखाली आले तर?" बोलला ते खोटं नव्हतं. म्हणूनच त्याचा जास्त राग आला.

बाबांना कुठेही पाठवायचं नाही. लिहून ठेवते, म्हणजे मीच डगमगणार नाही.

६ नोव्हेंबर

जेवता जेवता बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "कोनतरी ठोकतंय." उठून दार उघडून दाखवलं. कोणी नाही. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू आहे, तेच ऐकलं असेल, म्हटलं.

आत्ता आठवलं — सुतार आज आलाच नव्हता.

९ नोव्हेंबर, रविवार

धनेशची पोरगी समीक्षा आलेली. इंजिनीअरिंगला आहे, सिव्हिल. तिला म्हटलं, वाटेत एवढ्या इमारती सोडून आजोबा त्या एकाच पार्किंगमध्ये का जातात, ते तरी सांग. तिने लॅपटॉपच उघडला. महापालिकेने शहरभराच्या जमिनीची उंची मोजून साइटवर टाकलीय, कुणीही उतरवून घ्यावी. गल्लीगल्लीची उंची! आख्खी नोकरी मी शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर समोच्च रेषा काढून काढून खडू झिजवले, आणि स्वतःच्या दारापुढचा उतार कुठे जातो ते मला ठाऊक नाही. धन्य आहे.

बाबा जातात ती वाट तिने माझ्याकडून विचारून विचारून नकाशावर आखली. सरळ रस्ता सोडून दूध केंद्रामागे वळतात, मग दोन इमारतींच्या फटीतून, मग परत डावीकडे. नागमोडी सगळं. समीक्षा म्हणाली, असं तर पाणी जातं. मोठ्या उत्साहाने तिने पाण्याची वाट काढायला लावली मशीनला. पाण्याची रेघ निघाली ती भलत्याच बाजूने नाल्याला लागली. दोघींची तोंडं उतरली.

जाताना धनेशचा निरोप दिला पोरीने, मान खाली घालून. आश्रमात महिनाअखेरपर्यंतच जागा ठेवतील.

१२ नोव्हेंबर

एक गोष्ट डोक्यातून जाईना. नकाशात ते पार्किंग सपाट दिसतं. पण दर पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी असतं, माझ्या चपलांना विचारा! समीक्षाला फोन केला. म्हणाली, "आत्या, पाण्याची वाट काढायची तर आधी सगळे खड्डे भरून घ्यावे लागतात. नाहीतर रेघ खड्ड्यात अडकते. मशीनला खड्डा म्हणजे मोजणीतली चूक वाटते."

म्हटलं, बाई गं, खड्डे बुजवणारे इथे कमी झाले होते का, म्हणून आता तूपण? नको बुजवूस. आहे तसा पाठव.

१६ नोव्हेंबर, रविवार

आहे तसा नकाशा आला. गुलाबी इमारतीच्या जागी एक बंद रेषा आणि तिच्या आत बारीक बारीक काड्या. किती मुलांना हे पाठ करून घेतलं असेल मी — बंद रेषा, आत काड्या, म्हणजे खड्डा. आजूबाजूला सगळीकडे भराव पडला, तेवढा एक तुकडा खोल राहून गेला. आणि पाण्याची रेघ आता आली ती थेट दूध केंद्रामागून, फटीतून, डावीकडे. येऊन त्या खड्ड्यात थांबली. बाबांच्याच वाटेने!

मग कळलं. ही आमच्या खारजमिनीची, म्हणजे इथल्या भातशेतीची, जुनी चर. बाबा अजून तिच्याच काठाने चालतात. आणि खाडीकडचा उंच रस्ता म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा खारबांध. त्या बांधाच्या पोटातून पाणी जायला मोरी होती आणि मोरीच्या आतल्या तोंडाला दोराला बांधलेली लाकडी फळी. तीच उघाडी. उधाण चढायच्या आत फळी टाकायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरायचं. ओहोटी लागली की उचलायची. गावाने ते काम बाबांकडे दिलेलं.

लहानपणी मी एकदा आईला विचारलेलं, बंद करायची असते तर नाव उघाडी का? आईने हातातलं ताट आपटलं आणि उठून गेली. मला वाटलं, मी आगाऊ बोलले. शालनताईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझी मोठी बहीण. चिंबोऱ्या पकडायला गेली आणि खाडीने नेली, असं आम्हाला सांगितलेलं. तेव्हापासून आई कशावरही चिडायची. बाबा तर तिचं नावच घेत नाहीत.

कालनिर्णय काढून बघितलं. बाबा गेले ते दर वेळी पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला, ऐन उधाणाच्या वेळी. धनेशला लगेच फोन! म्हटलं, तुझा बाप भटकत नाही, कामावर जातो. उधाण आलं की उघाडी लावायला. येत्या अमावास्येला ये आणि डोळ्यांनी बघ. येतो म्हणाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या

आला धनेश, रजा काढून. दुपारी कडी मुद्दाम काढून ठेवली. बाबा उठले, निघाले. आम्ही दोघं मागे. एकदाही थांबले नाहीत, कुणाला वाट विचारली नाही. गाडी आली की बाजूला होत होते. दूध केंद्र, फट, डावीकडे.

पार्किंगच्या पाठच्या भिंतीला कान लावला. ती भिंत म्हणजे बांधच, वर रस्ता. बराच वेळ ऐकत राहिले. मग दोन्ही हातांनी ओढायला लागले. ओढताहेत, ओढताहेत. कपाळावरच्या शिरा टरारल्या, धाप लागली, तरी थांबेनात. शेवटी धनेशने मागून मिठी मारून धरलं.

धनेशचे डोळे भरलेले. म्हणाला, "ड्युटी विसरले नाहीत गं, ताई." रिक्षातूनच आश्रमाला नको म्हणून कळवलं. तिथीला कोणीतरी सोबत जायचं, एवढंच ठरलं.

जिंकले मी. रात्रीपुरता तरी आनंद व्हायला हवा होता. पण ते ओढणं काही डोळ्यांपुढून जात नाही.

२१ नोव्हेंबर

फळी टाकायला दोर ओढत नाहीत. सोडतात. सोडला की धप्प आवाज व्हायचा, आमच्या ओटीवर ऐकू यायचा. ओढतात ती उचलायला.

ऐन उधाणात उघाडी उचलायची? बाबा? सगळी शेतं बुडाली असती!

२६ नोव्हेंबर

बाबा शांत आहेत. भरतीही बेताची आहे या दिवसांत. मीच दचकून उठते. परवा बाथरूमच्या भिंतीला कान लावून उभी राहिले. वेडीच झालेय.

समीक्षाने विचारलं, आत्या, नकाशा पुसू का, जागा अडते. नको म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा

आज मी एकटीच गेले सोबत. बाबांनी भिंतीला कान लावला. विचारलं, कोण ठोकतंय बाबा?

"शालू. चिंबोऱ्यांना मोरीत शिरलेली. मना काय ठावं? मी फली टाकली."

आणि ओढायला लागले. मी पदर खोचला आणि त्यांच्या हातामागे हात लावून ओढायला लागले. दोघं मिळून ओढत राहिलो. मग त्यांनी हात सोडले आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"आलीस गो?"

"आले, बाबा."